काळ्यांचा वाडा, काळे यांचा वाडा : आडनावांच्या अभ्यासाविषयी

परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात ‘धानोरा काळे’ नावाचे गाव आहे. ‘पिंपळा लोखंडे’ आहे, ‘देऊळगाव दुधाटे’ आहे. गावावरून माणसाचे आडनाव पडते हे सगळ्यांना ठाऊक असते. इथे मात्र गंगा उलटी वाहिली आहे आणि माणसांच्या आडनावावरून गाव ओळखले जाते. कारण साधे आहे. धानोरे, पिंपळे आणि देऊळगावे मराठवाड्यात पैशाला पासरी. टपाल कुठे टाकायचे, मुलगी कोणत्या धानोऱ्यात दिली, वसूल कोणत्या पिंपळ्याचा, हे कळल्याशिवाय व्यवहार चालत नाही. म्हणून गावात ज्या घराण्याचा जम मोठा, त्याचे आडनाव गावाच्या नावामागे जोडले गेले. आडनाव गावासाठी जे काम करते तेच गाव आडनावासाठी करते : दोन सारख्या नावांतला गोंधळ मिटवणे. गावाला वा घराला वेगळे नाव लागते ते बाहेरच्याला. घरातल्या घरात आडनावाने कोणी कोणाला हाक मारत नाही. पूर्णा तालुक्यातल्या आडनावांच्या या संग्रहाच्या मुळाशी हाच विचार आहे. आडनाव कुळाने स्वतःविषयी केलेली घोषणा म्हणून जन्माला आले नाही. शेजाऱ्याने सोयीसाठी ठेवलेले नाव पुढे कारकुनाने लिहून पक्के केले. त्यामुळे ‘या आडनावाचा अर्थ काय’ या प्रश्नाआधी ‘हे कोणी, कोणासाठी आणि कोणत्या कागदावर लिहिले’ हा प्रश्न विचारावा लागतो.

शब्दच पाहा. आडवाट म्हणजे मुख्य रस्ता सोडून जाणारी वाट, आडगाव म्हणजे रस्त्याला नसलेले गाव, तसे आडनाव म्हणजे मुख्य नावाच्या कडेचे नाव. कन्नडात यालाच ‘अड्डहेसरु’ म्हणतात. अड्ड म्हणजे आडवे, हेसरु म्हणजे नाव. दोन्ही भाषांत या शब्दाला टोपणनावाचा वास आहे. दुसरी साक्ष व्याकरणाची, आणि ती मला व्युत्पत्तीपेक्षा भक्कम वाटते. काळे, गोरे, लोखंडे, दुधाटे, कोल्हे, लांडगे, वाघमारे, सातपुते : मराठी आडनावांचा मोठा भाग ‘ए’कारान्त आहे आणि हा ‘ए’ पुल्लिंगी अनेकवचनाचा आहे. काळा एक, काळे अनेक. म्हणजे हे नाव ‘मी’ उच्चारलेले नाही. ‘ते काळे’ असे कोणीतरी एका घराकडे बोट दाखवून म्हटले आहे. नांदेड-परभणीकडच्या कोमटी घराण्यांत, आणि पुढे विदर्भातही, आढळणाऱ्या ‘-वार’ या शेवटाकडे या नजरेने पाहिले की गंमत कळते. तेलुगूत ‘वारु’ म्हणजे ‘ते लोक’, आदराचे अनेकवचन. गोदावरीच्या खोऱ्यात दोन भाषा शेजारी नांदल्या, दोघींनी आपापल्या प्रत्ययांनी एकच काम केले, आणि दोघींनीही ते तृतीयपुरुषी अनेकवचनातच केले.

बोलीत आडनाव अजूनही जिवंत शब्दासारखे वागते. ‘काळ्यांचा वाडा’, ‘लोखंड्यांची सून’, ‘पाटलाचा मळा’ असे आपण सहज म्हणतो. शब्द वाकतो, त्याला सामान्यरूप होते. पाटलाच्या बायकोला पाटलीण, देशमुखाच्या बायकोला देशमुखीण म्हणतात. हाच शब्द कागदावर गेला की ताठ होतो : ‘काळे यांचा वाडा’, ‘लोखंडे यांची सून’, ‘श्रीमती पाटील’. विभक्ती लावायची सोय राहत नाही, कारण आता तो भाषेतला शब्द उरलेला नसतो, नोंदीतली खूण झालेला असतो. ‘काळ्यांचा’पासून ‘काळे यांचा’पर्यंतचा हा प्रवास म्हणजेच मराठी आडनावाचा इतिहास, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या प्रवासाचे जुने टप्पे परभणीच्या परिसरातच सापडतात. गंगाखेडच्या जनाबाईला आडनाव नाही. नामदेवाच्या घरची दासी ही ओळख तिला पुरेशी होती. तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त माणसे नावाने, पांडित्याच्या उपाधीने किंवा गावाने येतात, आज आपण ज्याला आडनाव म्हणतो ते तिथे शोधून काढावे लागते. याच महानुभाव परंपरेतला ‘शिशुपालवधा’चा कवी भास्करभट्ट बोरीकर म्हणून ओळखला जातो. पण त्याच्या नावातला ‘बोरीकर’ आणि आजच्या एखाद्या बोरीकराचा ‘बोरीकर’ एक नव्हे. पहिला पत्ता आहे : बोरीचा भास्करभट्ट. दुसरा वारसा आहे, आणि ज्याच्याकडे तो आहे त्याने बोरी कधी पाहिलीही नसेल. पत्त्याचा वारसा केव्हा झाला, हा आडनावाच्या इतिहासातला कळीचा प्रश्न. त्याचे उत्तर सगळ्या जातींसाठी आणि सगळ्या प्रदेशांसाठी एकच देता येत नाही. जिथे वतन होते तिथे हे लवकर घडले, कारण हक्क सांगायला अखंड नाव लागते. जिथे सांगण्यासारखा हक्कच नव्हता तिथे शाळेचा दाखला किंवा सैन्यातली भरती येईपर्यंत नाव आणि बापाचे नाव यांवर भागत होते.

तुकारामांचे उदाहरण सगळ्यांना माहीत असूनही नीट पाहिले जात नाही. त्यांचे कूळ मोरे, आडनाव आंबिले. दोन वेगळ्या गोष्टींसाठी दोन वेगळे शब्द होते. कूळ लग्नसंबंधात उपयोगी : कोणाशी सोयरीक चालते, कोणाशी नाही. आडनाव गावात उपयोगी : कोणत्या घरचा. पुढे अनेक घराण्यांत यांतला एक शब्द गळाला आणि उरलेल्यावर दोन्ही कामांचा भार पडला. असे फक्त आपल्याकडेच झाले असे नाही. जुन्या चीनमध्ये ‘शिंग’ आणि ‘शी’ अशा दोन वेगळ्या संज्ञा होत्या. पहिली कुळाची, तिच्या लिपिचिन्हात स्त्रीचे चिन्ह आहे. दुसरी शाखेची, जहागिरीची वा पदाची. साम्राज्य एकवटले, नोंदी वाढल्या आणि दोन्हींचे एकच आडनाव झाले. तिथेही ‘थाओ’ हा मुळात कुंभारकामाचा शब्द आणि ‘सिमा’ हे घोड्यांची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे पद. सोंग काळात तर घराण्यांच्या नावांचे एक पाठांतराचे पुस्तकच तयार झाले आणि पिढ्यानपिढ्या मुलांनी ते घोकले. फरक एवढाच की चीनमध्ये नोंद फार लवकर आणि एकाच लिपीत झाली, म्हणून अफाट लोकसंख्येला थोडी आडनावे पुरली. आपल्याकडे ती उशिरा आणि अनेक लिप्यांत झाली, म्हणून वैविध्य टिकले. जपानने आडनाव सक्तीचे केले ते १८७५ मध्ये आणि तुर्कस्तानने कायदा केला तो १९३४ मध्ये. आडनाव अनादी आहे असे मानणाऱ्याने या दोन सनांकडे बघावे.

पदांवरून पडलेली आडनावे हा महाराष्ट्राचा खास ऐवज. ‘नवीस’ म्हणजे फारसीत लिहिणारा. त्याचा ‘नीस’ झाला आणि चिटणीस, फडणीस, पोतनीस, कारखानीस, पारसनीस अशी रांगच लागली. चिठ्ठ्या लिहिणारा, पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब ठेवणारा, फारसी पत्रव्यवहार पाहणारा. मराठी राज्याचे अख्खे दफ्तरखाने या आडनावांत बसलेले आहेत. गावपातळीवर पाटील आणि कुलकर्णी, परगण्यावर देशमुख आणि देशपांडे. निजामी मुलखात मात्र रचनेला वेगळे वळण होते. तिथे वसुलीचा माली पाटील आणि बंदोबस्ताचा पोलीस पाटील असे दोन पाटील, आणि कुलकर्ण्याच्या जागी पटवारी हा शब्द रूढ. म्हणून ज्या घराण्याला पश्चिम महाराष्ट्रात कुलकर्णी म्हटले गेले असते त्याला मराठवाड्यात पटवारी हे आडनाव लागलेले दिसते. हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या १९४९ मध्ये गेल्या, महाराष्ट्रात महसुली पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने संपले. पद गेले, नाव उरले. मग पाटील इतके झाले की आडनावाने ओळख पटेना. शिवाजीराव पाटील निलंगेकर, शिवराज पाटील चाकूरकर ही नावे याच अडचणीतून घडली. बोरीकर भास्करभट्टापासून निघालेला ‘-कर’ सहा-सात शतकांनी त्याच कामावर पुन्हा रुजू झाला.

इथे एक आक्षेप येईल. निलंगेकर, चाकूरकर ही नावे या मंडळींनी स्वतःहून लावली. दीनानाथांनी मंगेशीवरून ‘मंगेशकर’ हे नाव स्वतः घेतले. मग आडनाव दुसऱ्याने दिलेले असते हे कसे? आक्षेप रास्त आहे आणि त्याने मूळ विधानाला थोडी मुरड घालावी लागते. माणूस आडनाव निवडतो, पण निवडतो ते लोकांच्या ओठांवर असलेल्या साच्यातून, आणि लोकांना आपण ओळखू यावे म्हणून. स्वतःला पटणारे पण दुसऱ्याला न कळणारे आडनाव घेऊन कोणाचेच काम भागत नाही. निवडणारा कोणीही असो, ऐकणारा दुसराच असतो.

आता कारकुनाकडे वळू, कारण मराठवाड्यात त्याचा हात फार लांब पोहोचला आहे. निजामी दफ्तराची भाषा आधी फारसी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू. उर्दू लिपीत ‘ळ’ नाही आणि ‘ण’ही नाही. म्हणून ‘काळे’ लिहायचे तर ‘काले’ लिहावे लागे आणि ‘चव्हाण’ वाचताना ‘चौहान’ होई. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत; ‘वाव’ हे एकच अक्षर व, ऊ, ओ, औ या सगळ्यांचे काम करते. त्यामुळे ‘मोरे’ असे लिहिलेले कोणी ‘मूरे’ वाचले तर त्याला चूक म्हणता येत नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली आणि कारभार बदलला. मुंतखब, सेतवार आणि १९५४-५५ चे खासरा पत्रक या महसुली कागदांतली नावे कोणीतरी देवनागरीत उतरवली तेव्हा त्याला प्रत्येक ठिकाणी निर्णय करावा लागला : हा ‘ल’ की ‘ळ’, हा ‘न’ की ‘ण’. गावचा माणूस कचेरीत असेल तर नाव वाचले, नसेल तर बदलले. पूर्णा हे रेल्वे जंक्शन. मनमाड, सिकंदराबाद आणि अकोला अशा तीन दिशांचे रूळ इथे मिळतात, आणि रेल्वेच्या इंग्रजी हजेरीपटात तिसराच घोटाळा : रोमन लिपीत त-ट, द-ड, ल-ळ, न-ण सगळे एका माळेचे मणी. एका भावाने शेतीचा उतारा धरला आणि दुसऱ्याने नोकरीचा कागद, तर दोन पिढ्यांत एका आडनावाची दोन आडनावे होऊ शकतात. साळुंखे आणि सोळंके यांच्यातल्या फरकाला वंशभेद समजून वाद घालणाऱ्यांनी हा मुद्दा ध्यानात ठेवावा.

लिपीपेक्षा मोठा बदल रकान्याने केला. ‘आडनाव, नाव, वडिलांचे नाव’ हा छापील साचा ज्या समाजांच्या नावाची घडण वेगळी होती त्यांनाही लागला. मराठवाड्यातल्या मुसलमान घरांत शेख किंवा सय्यद हा शब्द माणसाच्या नावाआधी येतो आणि बापाच्या नावाआधी पुन्हा येतो. तो शेवटी नेऊन बसवला की नावाचा तोलच जातो. वडतिया गोत्राच्या बंजारा माणसाने ‘जाधव’ लिहायला सुरुवात केली ती याच रकान्यापाशी. सकपाळांच्या घरातला आणि आंबडवे गावचा एक मुलगा ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला आणि शाळेच्या कागदावर ‘आंबेडकर’ झाला. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. या सगळ्या नोंदींतली शाई पुढच्या पिढ्यांना रक्तासारखी वाटू लागली.

या विषयावर आजवर जे लिहिले गेले त्याच्या ढोबळ मानाने चार वाटा दिसतात. पहिली व्युत्पत्तीची. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशाने कच्चा माल पुरवला, वि. का. राजवाडे यांनी नामादिशब्दांच्या व्युत्पत्तीचा प्रचंड पसारा मांडला आणि कृ. पां. कुलकर्ण्यांच्या १९४६ च्या व्युत्पत्तिकोशाने त्यातले बरेच शिस्तीत आणले. राजवाड्यांची झेप थक्क करते, पण संस्कृतात मूळ सापडलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट कन्नड-तेलुगूच्या सीमेवर उपयोगी पडत नाही. दुसरी वाट जातिवर्णनांची : एन्थोव्हनचे मुंबई इलाख्यावरचे खंड आणि निजामी मुलखासाठी सय्यद सिराज उल हसन यांचा १९२० चा ग्रंथ. देवके, कुळे आणि लग्नाचे नियम यांची नोंद त्यांत आहे, परंतु माणसे डब्यांत भरून ठेवल्यासारखी. तिसरी कुलवृत्तांतांची. एकेका घराण्याने आपापले पूर्वज गोळा केलेले हे ग्रंथ आणि तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यांच्या वह्या हा मोलाचा ठेवा, पण तो बहुतेक लिहित्या जातींपुरता. चौथी कागदपत्रांची. महजर, कोरीव लेख, शाळेचे दाखल-खारिज रजिस्टर अशा ठिकाणी नाव प्रत्यक्ष कसे लिहिले गेले ते पाहणारी. शं. गो. तुळपुळे यांचे प्राचीन मराठी कोरीव लेखांचे १९६३ चे संपादन या वाटेवरचा भरवशाचा मुक्काम आहे. दिवाळी अंकांतून येणारी ‘गमतीदार आडनावे’ ही पाचवी वाट म्हणता येईल; दहीभाते आणि ताकभाते यांना शेजारी बसवून हसून झाले की ती संपते.

सगळ्यात जोरदार आक्षेप कुळाभिमान्यांचा असतो. कदम म्हणजे कदंब, शेलार म्हणजे शिलाहार, जाधव म्हणजे यादव, साळुंखे म्हणजे चालुक्य. मग आडनाव शेजाऱ्याने ठेवले असे कसे म्हणता? यांतले ध्वनिसाम्य खोटे नाही. पण राजघराण्याचे नाव त्याच्या वंशजांबरोबर सरदार, सैनिक, आश्रित आणि रयतही लावू शकते. जाधव मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत. देशमुख मराठा आहेत, ब्राह्मण आहेत, मुसलमानही आहेत. इतक्या जातींत पसरलेल्या शब्दाकडून एका वंशाची साक्ष मागणे म्हणजे धोब्याच्या घाटावरून कपड्याचा मालक ठरवणे. शब्द जुना असू शकतो, तो धारण करणाऱ्या घराण्याशी त्याचे नाते मात्र नवे असू शकते. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो आणि तो अधिक गंभीर आहे. आडनाव विचारणे म्हणजे जात विचारणे. असल्या गोष्टीचा अभ्यास करून ती जपायची कशाला? आडनाव टाकून आई-बापाचे नाव लावणारे कार्यकर्ते आपल्याकडे आहेत. पूर्ण्यासारख्या, बौद्ध चळवळीच्या जुन्या केंद्रात या प्रश्नाला धार आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर मुलांची नावे सिद्धार्थ, राहुल, गौतम अशी बदलली, आडनावे बहुतेक ठिकाणी तीच राहिली, आणि ओळखणाऱ्याने ओळखायचे ते ओळखलेच. आक्षेपातली वस्तुस्थिती मान्य करायलाच हवी. अभ्यासाने जात जात नाही. पण जातीचा जो दावा आडनावावर उभा असतो, की हे नाव अनादी आहे आणि म्हणून त्यातला उच्चनीचपणाही अनादी आहे, त्याचा पाया अभ्यासाने तपासता येतो. तो पाया पुष्कळदा एखाद्या हजेरीपटाइतकाच जुना निघतो.

हे सगळे आज तातडीचे का झाले ते मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि धूळ खात पडलेल्या उर्दू-मोडी कागदांना एकाएकी भाव आला. मोडी वाचणारा दुर्मीळ, जुनी उर्दू वाचणारा त्याहून दुर्मीळ. नोंद सापडली तरी तिच्यात नाव आणि बापाचे नाव असते. आडनाव असेलच असे नाही. आजचे आडनाव आणि कालची नोंद यांतला सांधा जुळवताना दमछाक होते ती याच कारणाने. आरक्षणाच्या वादात इथे पडायचे नाही. पण आडनाव कागदावर केव्हा आले हा प्रश्न आता कचेरीत, वकिलाच्या टेबलावर आणि चावडीवर विचारला जातो, हे खरे. दुसरीकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत आईचे नाव आले : मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. लग्नाच्या ताटातल्या तांदळात नवऱ्याने बायकोचे नवे नाव लिहिण्याची चाल जिथे होती, तिथे हा लहान बदल नाही. आधारवरचे स्पेलिंग आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळत नाही म्हणून राजपत्रात नावबदल छापून आणणाऱ्यांची तक्रारही याच इतिहासाचा ताजा अध्याय आहे.

या संग्रहाने कोशाचा आव आणलेला नाही. एक तालुका हातात धरून, एका आडनावाची जितकी लेखी रूपे मिळतात तितकी शेजारी मांडायची आणि ती रूपे कोणत्या कागदांवर आली ते सांगायचे, एवढाच त्याचा प्रयत्न आहे. एका आडनावाला एकच उगम असतो असे धरून चालण्याची घाई त्यात नाही. ‘मुळे’ नावाची दोन घरे दोन वेगळ्या कारणांनी ‘मुळे’ झालेली असू शकतात, आणि तसे दिसले तर दोन्ही कारणे नोंदवली आहेत. लोककथा टाकून दिलेल्या नाहीत, मात्र त्या कथा म्हणूनच दिल्या आहेत; पूर्वजाने वाघ मारल्याची गोष्ट प्रत्येक वाघमाऱ्याकडे असते आणि वाघाचे वर्णन प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. लेखन एकसारखे करण्याचा मोहही टाळला आहे. ज्या पानावर ‘काले’ आहे तिथे ‘काले’च छापले आहे, उच्चार ‘काळे’ असल्याचे बाजूला लिहून. वाचकाने हे पुस्तक वाचताना घरातले जुने कागद काढून ठेवावेत : खासऱ्याची नकल, आजोबांची टी.सी., आजीच्या माहेरची लग्नपत्रिका. त्यांत आडनाव वेगळे लिहिलेले आढळले, तर तो फरक खोडून दुरुस्त करू नये.